प्रवास-अनुदानाचा अर्ज का नाकारला जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी दापोलीची उद्यानविद्या पदवीधर, वय २६. सव्वा वर्षापासून इंग्लंडात ससेक्समधल्या एका खासगी बागेत ट्रेनी आहे. बागकाम करणाऱ्या तरुणांसाठीच्या प्रवास-अनुदानाला तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार. अर्ज सोबत जोडलाय. कुठे चुकतंय? आणि माझ्यासारखीला, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्या मुलीला, हे पैसे मिळतात तरी का?"

शेवटचा प्रश्न सोपा आहे म्हणून आधी घेते. मिळतात. मला मिळाले होते, तेही तुझ्यापेक्षा कच्च्या इंग्रजीत लिहिलेल्या अर्जावर. तुझ्या व्हिसावर 'सार्वजनिक निधी घेता येणार नाही' अशी ओळ असेल आणि तिने तू घाबरली असशील. ती ओळ सरकारी भत्त्यांबद्दल आहे. धर्मादाय संस्थेचं अनुदान त्यात येत नाही. काही संस्था फक्त ब्रिटिश नागरिकांना देतात, काही वर्षभर इथे काम केलेल्या कुणालाही देतात. तुझं सव्वा वर्ष झालंय, म्हणजे दार उघडलंय.

आता तुझा अर्ज. अगं, वय २६ म्हणालीस म्हणून तुला सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी इकडच्या बागांत दोन दशकांहून जास्त काम केलंय आणि गेली काही वर्षं एका लहान ट्रस्टसाठी अर्ज वाचते. संध्याकाळी, हातपाय धुऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठा घेऊन बसते. असे बसलेले पाच-सहा जण असतात, सगळे दिवसभर बागेत राबून आलेले. तुझा अर्ज त्यांच्या हातात पडला की काय होतं ते सांगते.

पहिली ओळ: 'लहानपणापासून मला निसर्गाची विलक्षण आवड आहे.' गठ्ठ्यातल्या निम्म्या अर्जांची पहिली ओळ हीच असते. आवड नसती तर जानेवारीत, गोठलेल्या मातीत गुलाब छाटायला कोण आलं असतं? ही ओळ खोटी नाही, पण तिच्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. मग येतो कार्यक्रम: बारा दिवस, इटली आणि फ्रान्स, एकोणीस बागा. हे वाचून माझ्या शेजारची बाई पेन खाली ठेवते. एकोणीस बागा बारा दिवसांत म्हणजे अष्टविनायक यात्रा झाली. उतरा, दर्शन घ्या, फोटो काढा, गाडीत बसा. बाग पाहायला निदान दोन वेळा जावं लागतं, एकदा सकाळी, एकदा उन्हं कलल्यावर. आणि तिथल्या माळ्याशी बोलायचं तर तो जेवायला बसतो ती वेळ गाठावी लागते.

त्याच्याखाली तू लिहिलंयस, 'या प्रवासामुळे माझ्या ज्ञानात भर पडेल.' कसली भर? कुठल्या वाफ्यासाठी? अर्जात चार पानं आहेत आणि तू सध्या ज्या बागेत रोज आठ तास घालवतेस तिच्याबद्दल दीड ओळ. समितीला तू कुठे जाणार यापेक्षा तू कशाकडे परत येणार याची उत्सुकता जास्त असते, आणि नेमकी तीच जागा तू रिकामी सोडलीस.

म्हणून तर त्या दिवशी फोनवर मी तुला इटलीबद्दल काही विचारलं नाही, रोजचं काम विचारलं. तेव्हा तू सहज बोलून गेलीस की घरामागे दक्षिणेकडे तोंड असलेला एक उतार आहे, खडूची पातळ माती आहे, २०२२च्या उन्हाळ्यात तिथलं सगळं जळून गेलं होतं म्हणे, आणि आता हेड गार्डनर म्हणतात की पाणी न घालता तिथे काय टिकेल ते शोधा. अगं मुली, हाच तुझा अर्ज आहे! २०२२च्या जुलैत या देशात पहिल्यांदा पारा चाळीसच्या वर गेला. लिंकनशरमध्ये कोनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. तेव्हापासून इथल्या प्रत्येक बागेत कुठेतरी असा एक जळका उतार आहे आणि प्रत्येक हेड गार्डनर त्याच्यासमोर डोकं खाजवत उभा आहे. तू हा प्रश्न घेऊन आलीस तर समितीतल्या सहाही जणांना तो आपला वाटतो.

मग तो प्रश्न घेऊन कुठे जायचं? आधी बेथ चॅटो या नामवंत बागकार बाईंच्या बागेत, एसेक्समध्ये एल्मस्टेड मार्केटला, आणि तेही स्वतःच्या पैशाने. जुन्या कार पार्कच्या जागेवर त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला खडीची बाग केली आणि ठरवून तिला पाणी दिलं नाही. तिथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. दापोलीत तेवढा जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडून जातो, त्यामुळे तुला-मला हे आधी पटतच नाही. ही बाग पाहून ये, कारण अनुदान मागितलंस की पहिला प्रश्न येणार, 'हे इथल्या इथे पाहता येत नाही का?' त्याला तुझ्याकडे उत्तर हवं: 'पाहिलं. तिथे जमीन खोल, वाळू-गोट्यांची आहे, आमच्याकडे पातळ खडू आहे आणि उतार आहे. म्हणून मला अमुक ठिकाणी जायचं आहे.'

ते अमुक ठिकाण मी तुझ्या जागी असते तर दक्षिण फ्रान्समध्ये धरलं असतं, माँपेलिएच्या आसपास. तिथे मेझ नावाच्या गावात ओलिव्हिए आणि क्लारा फिलिपी यांची नर्सरी आहे. कोरडवाहू बागेसाठीच्या झाडांचं जन्मभराचं काम त्यांनी तिथे उभं केलंय. त्यांची पद्धत ऐकून तुला हसू येईल. रोप लहानच घ्यायचं, शरद ऋतूत लावायचं, म्हणजे पावसाळी हिवाळ्यात मुळं खाली जातात, आणि रोपाभोवती मोठं आळं करून पहिल्या उन्हाळ्यात क्वचित पण भरपूर पाणी द्यायचं. आपल्याकडे आंब्याच्या कलमाला करतात तसंच आळं! रोज शिंपडलेलं पाणी मूळ वरच ठेवतं, हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. फरक एवढाच की हे लोक झाडागणिक नोंदी ठेवतात. आसपासच्या चुनखडीच्या डोंगरांवर सिस्टस, फ्लोमिस, थाइम, रानटी लॅव्हेंडर आपापल्या जागी उगवलेले दिसतात: कोण उताराच्या माथ्यावर, कोण पायथ्याशी, कोण दगडाच्या सावलीत. एक नर्सरी, तिच्या भोवतालचा डोंगर, आणि वाटेत जमलं तर माँपेलिएचं १५९३चं वनस्पती-उद्यान. बस. नऊ दिवस पुरे.

आणि कधी जायचं? तू म्हणशील मे महिन्यात, सगळं फुललेलं असतं. मी म्हणते ऑगस्टच्या शेवटी जा. फुलांचे फोटो घरबसल्या सापडतात. तुला पाहायचंय की पाणी न दिलेली बाग तिच्या सर्वात वाईट महिन्यात कशी दिसते. काय तपकिरी पडतं, काय पानं गाळून झोपतं, काय तरीही राखाडी-हिरवं राहतं, आणि त्या अवस्थेतही मालकाला ती सुंदर वाटावी म्हणून रचना कशी केली आहे. तुझ्या हेड गार्डनरला ऑगस्टमध्येच उत्तर द्यायचं असतं, मेमध्ये नव्हे. अर्जात हे एक वाक्य असं आलं ना, की 'मी मुद्दाम बाग कुरूप असताना जाणार आहे', तर गठ्ठा वाचणारी माणसं खुर्चीत सरळ होऊन बसतात. फक्त सुट्टीच्या महिन्यात तिकडच्या नर्सऱ्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा आधी मेल करून होकार घे आणि तो होकार अर्जाला जोड.

वेळेवरून एक गोष्ट आठवली. माझा एक इंग्रज सहकारी कासच्या पठारावर जायचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. पातळ जांभ्यावर एवढी फुलं कशी, हे त्याला छपरावरच्या बागेसाठी समजून घ्यायचं होतं. प्रश्न उत्तम, वाचन चांगलं, खर्च नेटका. जाण्याचा महिना: डिसेंबर. का, तर इथे हिवाळ्यात काम कमी असतं आणि रजा मिळते. मी त्याला डिसेंबरातल्या कासचा फोटो दाखवला. वाळलेलं गवत, उघडा कातळ आणि लांबवर एक म्हैस. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा जो मोसम, त्याच्या आत गेलं तर काही दिसतं. त्यातही टोपली कारवीसाठी जायचं असेल तर ती सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते, तेव्हा वर्षसुद्धा बघावं लागतं. तू रत्नागिरीकडची, सड्यावर वाढलेली. तुला हे सांगावं लागत नाही. पण समितीत बसलेल्यांना डोंगराचं पंचांग तोंडपाठ असतं आणि चुकीचा महिना दिसला की बाकीचं कुणी वाचत नाही.

इंग्लंडातल्या माळ्यांना खरी सोयीची जागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा ड्राकेन्सबर्ग. तिथला पाऊस उन्हाळ्यात पडतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत डोंगर फुललेला असतो आणि तेव्हाच इथली बाग झोपलेली असते. इथल्या बागांतल्या निफोफिया, डायरामा, अ‍ॅगापँथस यांच्या जाती त्या भागातून आल्या आहेत. पण तोच देश, केपचा पश्चिम भाग, तिथला पाऊस हिवाळी. फुलं पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबर. एकाच देशाचे दोन मोसम. हे न बघता 'दक्षिण आफ्रिका, तीन आठवडे' असं लिहिणारे दरवर्षी निघतात. आपल्या उत्तराखंडातली फुलांची दरी १ जूनला उघडते, पण बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा, ऐन पावसातला.

आता पैसे कोण देतं. सगळी यादी देत बसत नाही, तुझ्या कामाच्या तेवढ्या सांगते. नियम आणि तारखा दरवर्षी हलतात, तेव्हा अर्जाआधी त्यांच्या संकेतस्थळावरचं ताजं पान वाच.

मर्लिन ट्रस्टपासून सुरू कर. नावावरून जादूगार आठवतो, पण हा मर्लिन म्हणजे सर डेव्हिड स्कॉट यांचा एकुलता मुलगा, दुसऱ्या महायुद्धात मारला गेलेला. सर डेव्हिड म्हातारपणी, ऐंशीच्या घरात असताना, वॉटरपेरीच्या बाग-शाळेत रोपं पाहायला गेले आणि तिथे व्हॅलरी फिनिस भेटल्या. ही मुलींसाठीची शाळा ऑक्सफर्डशरमध्ये होती, बिअ‍ॅट्रिक्स हॅव्हरगल नावाची कडक बाई ती चालवायची. फिनिस तिथेच शिकल्या आणि तिथेच वर्षानुवर्षं अल्पाइन, म्हणजे उंच डोंगरांवरची, झाडं वाढवत राहिल्या. दोघांचं लग्न झालं १९७० साली. नवऱ्याच्या मागे फिनिसबाईंनी १९९० साली हा ट्रस्ट काढला आणि त्या सावत्र मुलाचं नाव दिलं, ज्याला त्या कधी भेटल्या नव्हत्या. मस्कारी नावाच्या छोट्या कंदफुलाच्या एका फिकट निळ्या जातीला त्यांचं नाव आहे. तुझ्या बागेत बहुधा असेलच, वसंतात बघ. ट्रस्टची अट मला फार आवडते: अठरा ते पस्तीस वयाचे, किंवा वय कितीही असो, पण या पेशात पहिली पाच वर्षं असलेले. म्हणजे चाळिशीत बँकेची नोकरी सोडून माळी झालेल्यालाही दार बंद नाही. परदेशी माणसाने इथे किंवा आयर्लंडमध्ये वर्षभर काम वा शिक्षण केलेलं असावं लागतं. तुझी योजना नऊ दिवसांची, एका प्रश्नाची. ती या मापाची आहे.

दुसरी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, १८०४ साली सुरू झालेली. त्यांच्या बर्सरी, म्हणजे अनुदानं, मोठ्या आहेत आणि तिथे अनुभवी लोकही अर्ज करतात, त्यामुळे चुरस जास्त. पहिला अर्ज तिथे करू नकोस असं नाही म्हणत, पण एक लहान प्रवास आणि त्याचा चांगला अहवाल हाताशी असला की तिथे तुझं वजन वाढतं. क्यूचा, म्हणजे लंडनच्या प्रसिद्ध वनस्पती-उद्यानाचा, गिल्ड (संघ) १८९३चा, पण तो मुख्यतः क्यूमध्ये शिकलेल्या-काम केलेल्यांचा, तेव्हा सध्या बाजूला ठेव. (त्याच १८९३ साली क्यूमध्ये तयार झालेले गुस्ताव क्रुंबिगेल सयाजीरावांकडे बडोद्याला आले, पुढे म्हैसूर संस्थानात गेले, आणि बंगळूरच्या लालबागेवर त्यांचा हात फिरला. माळी समुद्र ओलांडतात ही काही आजची गोष्ट नाही, दिशा तेवढी बदलली.) अल्पाइन गार्डन सोसायटी, हार्डी प्लँट सोसायटी अशा एकेका प्रकारच्या झाडांच्या संस्था आहेत. त्यांची अनुदानं लहान असतात आणि त्यांच्याकडे अर्जही थोडे येतात. वर्षाची वर्गणी भरून आधी सदस्य हो, एखाद्या बैठकीला जा. तिथल्या सत्तरीतल्या लोकांना सिस्टसबद्दल प्रश्न विचारणारी २६ वर्षांची मुलगी दिसली की ते तुला रोपं आणि घरचा केक दोन्ही देऊन पाठवतील, अनुदान नंतरचं.

प्रवास नको, वर्षभर हात मातीत घालून शिकायचं असेल तर वाट वेगळी. तुझ्याच ससेक्समध्ये नॉर्दियमला ग्रेट डिक्स्टर ही बाग आहे, तिथे ख्रिस्तोफर लॉईड यांच्या नावाची वर्षभराची शिष्यवृत्ती आहे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात लाँगवुड गार्डन्सचा दोन वर्षांचा व्यावसायिक माळी अभ्यासक्रम आहे, शिकवणीची फी नाही. हे सगळं तीस वर्षांच्या आत करून टाकावं असं माझं मत. नंतर गुडघे आणि गृहकर्ज दोन्ही आड येतात.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस, कुणीच विचारत नाही. प्रवासाच्या पैशासाठी झुंबड असते, प्रशिक्षणाचा पैसा त्यामानाने पडून राहतो. प्रोफेशनल गार्डनर्स ट्रस्टसारख्या संस्था नोकरीत असलेल्या माळ्यांना अभ्यासक्रमासाठी मदत करतात. फवारणीचं पीए१ आणि पीए६ प्रमाणपत्र, चेनसॉ चालवण्याचं, झाडावर दोराने चढण्याचं, दगडी बांध रचण्याचं. हे कागद नोकरीच्या जाहिरातीत नाव घेऊन मागतात. मालक म्हणतो पुढच्या वर्षी बघू. तू तो खर्च ट्रस्टकडून आणलास तर मालकही खूश आणि कागद तुझ्या नावावर, नोकरी बदललीस तरी तुझ्याबरोबर. माझ्या हाताखालच्या एका मुलाने असं करून तीन वर्षांत चार प्रमाणपत्रं घेतली, आणि प्रवासाचा अर्ज केला तेव्हा समितीने पाहिलं की हा मिळालेला पैसा कामाला लावतो. पहिल्याच फेरीत मिळाला.

खर्चपत्रकाबद्दल. तुझं गोल आकड्यांचं आहे: विमान ४००, हॉटेल ८००, जेवण ५००, इतर ३००. 'इतर' हा शब्द अर्जातून काढूनच टाक. प्रत्येक ओळीपुढे तो आकडा कुठून आला ते लिही. गाडीचं भाडं अमुक दिवशी पाहिलं, एवढं होतं. वसतिगृहाची एक रात्र एवढी, गुणिले आठ. स्वस्त दाखवायची गरज नाही. आम्ही उपाशी माळी पाठवत नाही. पण तुझ्या खिशातून काय घालणार ते जरूर लिही. फक्त जेवणाचा खर्च असला तरी चालेल. एका ठिकाणाहून सगळी रक्कम मागण्यापेक्षा दोन लहान ट्रस्टना अर्धी-अर्धी माग आणि दोघांनाही एकमेकांबद्दल स्पष्ट सांग. लपवलंस आणि कळलं, तर दोन्हीकडून जातं. हे जग फार लहान आहे. मालकाकडून निदान चार दिवसांची पगारी रजा मागून बघ आणि त्यांचं पत्र जोड. मालकाने चार दिवस दिले म्हणजे त्याला उताराचं उत्तर खरोखर हवं आहे, असा त्याचा अर्थ होतो.

भारतीय पासपोर्टचा खर्चही त्यातच धर, संकोच नको. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, शिवाय मध्यस्थ केंद्राचं शुल्क, आणि किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास-विमा. ब्रिटिश सहकाऱ्याला हा खर्च नसतो म्हणून तो अर्जात दिसत नाही, पण तो तुझा खरा खर्च आहे आणि मला तरी तो वाचून कधी खटकला नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, साधारण पंधरा दिवसांत निकाल लागतो पण पंचेचाळीसपर्यंतही लांबतो, आणि उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. तेव्हा उलटा हिशेब कर: ऑगस्टला जायचं तर अनुदानाचा निकाल एप्रिलपर्यंत हातात हवा, म्हणजे अर्ज हिवाळ्यात. अजून एक. तू लिहिलंयस की नर्सरीत 'कामही करीन'. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नको. 'पाहीन, विचारीन, नोंदी घेईन' असं लिही आणि तेवढंच कर.

शिफारसपत्र तू मुदतीच्या दोन दिवस आधी मागितलंस, हे त्या पत्रावरूनच कळतं. 'मेहनती आणि वक्तशीर आहे', एवढंच. रिक्षाच्या परवान्यालाही चालेल असं पत्र. तीन आठवडे आधी मागायचं, अर्जाचा मसुदा सोबत द्यायचा आणि नम्रपणे सांगायचं की 'उताराच्या कामाबद्दल दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या.' आपल्याकडे साहेबाला काय लिहा ते सांगणं उद्धटपणा वाटतो. इथे ते त्याचं काम हलकं करणं समजतात.

बिया. हे नीट वाच, कारण इथे चूक झाली तर अनुदानच काय, नाव जाईल. परदेशातून एकही बी, एकही फाटा खिशात घालून आणायचा नाही. रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय ते सीमेवर अडतं आणि अडलं नाही तर जास्त वाईट, कारण एखादी कीड बागेत शिरते. दुसरा भाग असा की झाडं ज्या देशाची, त्याची परवानगी लागते. याबद्दलचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ पासून अमलात आहे. आणि तुझ्यासाठी खास सांगते. उद्या तू मोठा अर्ज करून कोकणातल्या सड्यावर किंवा कासला अभ्यासाला गेलीस, तर 'मी तर भारतीय' म्हणून बिया गोळा करायला जाऊ नकोस. आपल्या २००२च्या जैविक विविधता कायद्यात परदेशी माणसाच्या जोडीला अनिवासी भारतीयही बसवलेला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. आपल्याच गावच्या माळरानावर आपण पाहुणे, हे पचायला मला वेळ लागला होता. अर्जात एक ओळ घाल: 'कोणतंही वनस्पती-साहित्य गोळा करणार नाही.' ती वाचून समितीचा एक मोठा काळजीचा मुद्दा संपतो.

अहवालाबद्दल मी बोलायला नको खरं तर, कारण माझा पहिला अहवाल पाच महिने उशिरा गेला होता. मी रोज संध्याकाळी थकून झोपायची आणि म्हणायची, फोटो आहेत ना, नंतर लिहू. परतल्यावर साडेसहाशे फोटो, एकाचंही नाव नाही, उंची नाही, माती कसली ते नाही. एक राखाडी झुडूप मी आजही ओळखलेलं नाही. तेव्हा वही घे, फोनवर विसंबू नकोस, आणि झोपण्याआधी वीस मिनिटं लिही. फोटोत काहीतरी माप ठेव, छाटणीची कात्री चालेल. बागेच्या माळ्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत उतरव. अहवालात काय जमलं नाही तेही लिही. नर्सरी बंद होती, पाऊस लागला, अमुक झाड कुठेच दिसलं नाही. गुळगुळीत अहवाल वाचून आम्हाला वाटतं की ही बाई गेली होती की नाही! पुढच्या अर्जाला हाच अहवाल जोडायचा आहे, म्हणून त्याला कंटाळू नकोस. गावातल्या बागप्रेमी मंडळात एकदा त्यावर बोल. चहा-बिस्किटांच्या गर्दीपुढे का होईना.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी मात्र फार आशा धरू नये. इथले लहान ट्रस्ट थेट भारतातल्या माणसाला सहसा देत नाहीत. आपल्या राज्याच्या कृषी विभागाचे परदेश अभ्यासदौरे शेतकऱ्यांसाठी आहेत, त्याला सातबारा लागतो. दुसऱ्याच्या बागेत नोकरी करणाऱ्या माळ्याकडे तो कुठून येणार? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती विद्यापीठातल्या उच्च पदवीसाठी आहे, छाटणी शिकायला नाही. पुण्याची एम्प्रेस गार्डन चालवणारी संस्था १८३०पासूनची आहे, मुंबईत राणीच्या बागेला दीडशेहून जास्त वर्षं झाली, कृषी विद्यापीठं चार आहेत. पण नोकरीतल्या माळ्याला 'जा, पंधरा दिवस लालबाग बघून ये' म्हणून एसटीचं भाडं देणारी एखादी लहानशी ट्रस्ट आपल्याकडे मला कधी भेटली नाही. कुणी मनावर घेत असेल तर अर्ज वाचायला मी फुकट बसेन.

तू आता इतकंच कर. या शनिवारी त्या उतारावर जा, माथ्याला एक आणि पायथ्याला एक असे फूटभर खोल दोन खड्डे घे. पाण्याने भर, पूर्ण जिरू दे, पुन्हा भर, आणि दुसऱ्या वेळी पाणी जिरायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून लिही. खणताना खडू किती इंचांवर लागला तेही. हे चार आकडे नव्या अर्जाच्या पहिल्या ओळीत घाल, आवडीच्या जागी. मग मसुदा मला पाठव, दोन पानांच्या वर नको.